सही कोणाची? बांधकामातला दाखला आणि आपला इतिहास

१९०१ साल. साताऱ्याहून निघालेली काही लहान मुले मसूर स्टेशनवर उतरतात. त्यांना गोरेगावला वडिलांकडे जायचे असते. मुले महाराची आहेत हे कळताच बैलगाडी मिळेना होते. शेवटी दुप्पट भाड्याच्या बोलीवर गाडी मिळते, पण गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचे. रात्रभर घोटभर पाणीही कोणी देत नाही. त्या मुलांतला एक भीमराव होता. हा प्रसंग आपण सगळ्यांनी वाचला आहे आणि जयंतीच्या भाषणात दरवर्षी ऐकतो.

पण मित्रांनो, त्या प्रसंगातला एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. रामजीबाबा गोरेगावला काय करत होते?

खटाव तालुक्यातल्या त्या गावी मुंबई सरकारने दुष्काळी काम म्हणून तलाव खोदायला घेतला होता. हजारो माणसे उपासमारीने मरत होती आणि जगण्यासाठी माती उपसत होती. रामजीबाबा त्या कामावर खजिनदार होते, म्हणजे मजुरीचा पैसा आणि त्याचा हिशेब त्यांच्या हाती होता. त्याच समाजातली असंख्य माणसे त्या काळात अशा दुष्काळी कामांवर कुदळ-फावडे घेऊन राबत होती. रामजीबाबा मात्र हिशेबाच्या वहीवर सही करत होते. हा फरक कशामुळे पडला? रामजीबाबा लष्करात होते, लष्कराच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकले होते आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिले होते. त्यांच्याकडे शिक्षण होते आणि त्या शिक्षणाचा दाखला होता.

त्या दाखल्याने त्यांना खजिनदार केले, पण त्यांच्या मुलांना रस्त्यात पाणी मिळवून दिले नाही. दाखला किती देतो आणि किती देत नाही, या दोन्ही गोष्टी त्या एका प्रवासात दिसतात. बांधकाम व्यवस्थापकाच्या व्यावसायिक प्रमाणपत्राबद्दल आज मी लिहितो आहे, ते या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवून.

१८५४ आणि १८५६

सार्वजनिक बांधकाम खाते डलहौसीच्या काळात, १८५४ साली उभे राहिले. रस्ते, कालवे, पूल, सरकारी इमारती ही सगळी कामे एका खात्याखाली आली. खाते आले म्हणजे हुद्दे आले आणि हुद्द्यांसाठी परीक्षा आल्या. रुरकीला १८४७ मध्येच अभियांत्रिकी कॉलेज निघाले होते. पुण्यात १८५४ साली इंजिनियरिंगचा वर्ग सुरू झाला. या खात्याला लागणारे दुय्यम अधिकारी तयार करणे हाच त्याचा हेतू होता. आजचे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच वर्गातून वाढले. पुढे १८७१ मध्ये तर हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यासाठी इंजिनियर घडवायला खुद्द इंग्लंडात कूपर्स हिल येथे कॉलेज काढले गेले. ते १९०६ पर्यंत चालले आणि तिथे जवळजवळ सगळे गोरेच शिकले.

अशी उतरंड तयार झाली. वर गोरा इंजिनियर. त्याच्या खाली ओव्हरसियर आणि सब-ओव्हरसियर, म्हणजे शिकलेले देशी लोक. त्याखाली मुकादम. आणि सगळ्यात खाली दगड फोडणारे, चुना मळणारे, माती वाहणारे.

आता याच्या शेजारी दुसरे साल ठेवा. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. शाळेने नाकारला. मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. एका मुलासाठी बाकीच्या सवर्ण मुलांची शाळा मोडायची नाही, या विचाराने सरकारनेही हात वर केले. बाबासाहेबांनी ही नोंद पुढे आपल्या लेखनात मुद्दाम मांडली.

१८५४ ला परीक्षा सुरू झाली आणि १८५६ ला आपल्या मुलाला पहिलीच्या दारात अडवले. मग ओव्हरसियरच्या परीक्षेला आपला कोण बसणार होता? परीक्षेच्या नियमात जात लिहावी लागली नाही, कारण ते काम शाळेच्या दाराने आधीच केले होते. इंग्रजांची परीक्षा कागदावर सगळ्यांना खुली होती आणि प्रत्यक्षात ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या अक्षर होते त्यांच्यापुरती होती.

आणि ज्यांच्या हातात खरी विद्या होती त्यांचे काय झाले? दगडाची शीर कुठे आहे हे नुसत्या हाताने ओळखणारा वडार आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. विमुक्त म्हणजे काय हे आपल्या वाचकांना सांगायला नको. गावाची शीव कुठून कुठे जाते याचा तंटा पडला की महाराची साक्ष प्रमाण मानली जाई. म्हणजे जमिनीची मोजणी आणि खुणा त्याला ठाऊक होत्या, पण त्या ज्ञानाला सर्वेअरची पदवी कोणी दिली नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये सांगितले की जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. बांधकामाच्या साइटवर ही रचना उघड्या डोळ्यांनी दिसते.

जोतिराव कंत्राटदार होते

आपल्याकडे जोतिरावांना समाजसुधारक म्हणून ओळखतात, पण ते व्यवसायाने कंत्राटदारही होते हे विसरले जाते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीशी त्यांचा संबंध होता आणि खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी दगड पुरवला. बांधकाम खात्यात बिल कसे अडते, मोजमाप कसे कमी दाखवले जाते, मजुराच्या हजेरीत कोण हात मारतो, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. म्हणूनच इंजिनियर खात्यातल्या ब्राह्मण कामगारांच्या लुटीवर त्यांनी पवाडा रचला. खात्यातला दाखला आणि पेन ज्यांच्या हातात होते, ते त्याचा वापर शूद्रातिशूद्रांच्या मजुरीवर कसा करत होते, याची ती तक्रार होती.

सत्यशोधक समाजाला मुंबईत कोणी उभे केले? व्यंकू काळेवार, जाया कराडी लिंगू यांच्यासारख्या तेलुगू कंत्राटदारांनी. कामाठीपुऱ्याच्या या मंडळींनी मुंबईच्या इमारतींच्या कामातून पैसा मिळवला आणि तो चळवळीत घातला. यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ज्या बहुजनांच्या हाती नुसती मजुरी न राहता कामाचा ताबा आला, त्यांनी चळवळीलाही बळ दिले. पगारातून वर्गणी निघते ही गोष्ट खरी. पण कामाचा हिशेब आपल्या हाती असला की वर्गणीसोबत दहा जणांना रोजगारही देता येतो.

१९४२ चे निवेदन

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्यांच्या खात्याखाली कामगारांचे प्रश्न तर होतेच, पण सरकारी बांधकाम, पाटबंधारे आणि वीजही होती. याच काळात दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया रचला गेला आणि १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग उभा राहिला.

मला आज त्यांच्या दुसऱ्या कामाकडे लक्ष वेधायचे आहे. पद हाती घेऊन चार महिनेही झाले नव्हते तेव्हा, ऑक्टोबर १९४२ मध्ये, त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. त्यात नोकऱ्या आणि प्रतिनिधित्व यांच्या मागण्या होत्या, हे आपल्याला माहीत असते. पण त्यात आणखी तीन मागण्या होत्या आणि त्या आपण एकत्र वाचत नाही.

पहिली, विज्ञान आणि तंत्रशिक्षण घेणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांना देशात आणि परदेशात शिष्यवृत्त्या द्या. दुसरी, सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या, म्हणजे ती हाताने काम शिकतील. तिसरी, सरकारी कंत्राटांत वाटा द्या. केंद्रीय बांधकाम खात्याच्या कंत्राटदारांत अस्पृश्यांना जवळजवळ जागाच नाही, हे त्यांनी सरकारपुढे ठेवले. हे खाते त्यांच्याच अखत्यारीत होते, त्यामुळे त्यांना ते आतून दिसत होते.

शिक्षण, उमेदवारी, कंत्राट असा तो क्रम आहे. वर्गात शीक, मग कामावर शीक, मग काम स्वतःच्या ताब्यात घे. १९४२ साली बाबासाहेबांनी मांडलेला हा क्रम आजच्या कुठल्याही व्यावसायिक प्रमाणपत्राच्या नियमांशी जुळतो. १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. शिष्यवृत्त्या सुरू झाल्या, आपली मुले परदेशी शिकायला गेली. म्हणजे नोकरी आणि शिक्षण यांची वाट मोकळी झाली. तिसरी वाट मात्र चळवळीच्या अजेंड्यावरून हळूहळू निसटली. आपण जागा भरतीच्या जाहिराती वाचत राहिलो, टेंडरच्या जाहिराती दुसरे वाचत राहिले.

पदव्या वाढल्या, साइट तीच राहिली

स्वातंत्र्यानंतर आयटीआयची योजना १९५० ला आली, अप्रेंटिस कायदा १९६१ ला आला. आरक्षणामुळे आपली मुले सिव्हिलच्या डिप्लोमाला आणि डिग्रीला गेली, ज्युनियर इंजिनियर झाली. हा मोठा बदल आहे आणि तो कमी लेखायचे कारण नाही. पण दरम्यान बांधकाम खासगी झाले. ठेका, उपठेका, त्याखाली आणखी एक ठेका. आणि खासगीत कामाचा प्रमुख कोण, हे ओळखीवर ठरू लागले.

इथे कायद्यातली एक गंमत पाहा. वास्तुविशारदासाठी १९७२ चा कायदा आहे, नोंदणीशिवाय तो स्वतःला वास्तुविशारद म्हणवू शकत नाही. महाराष्ट्रात घर विकणाऱ्या एजंटालाही २०२३ पासून महारेराच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. पण शेकडो मजुरांच्या जिवाची जबाबदारी असलेल्या बांधकाम व्यवस्थापकासाठी देशपातळीवर असा परवाना नाही. महापालिकेकडे नकाशा सादर करायला परवानाधारक इंजिनियर किंवा सुपरवायझर लागतो, तो कागदावर असतो. साइटवर रोज हुकूम सोडणारा कोण असावा, हा प्रश्न बिल्डरवर सोडलेला आहे.

त्याची किंमत कोण मोजतो? ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. बांधकाम चालू असतानाच त्या इमारतीत माणसे राहत होती, त्यांत तिथे राबणारे मजूर आणि त्यांची मुलेबाळेही होती.

कायद्याने सोडलेली जागा खासगी संस्थांनी भरली. १९८३ मध्ये बांधकाम व्यवस्थापन शिकवणारी निकमार ही संस्था निघाली, १९९६ मध्ये बांधकाम उद्योग विकास परिषद झाली. अमेरिकेतल्या संस्थेचे पीएमपी नावाचे प्रकल्प व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र आता मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातीत दिसते. त्याचा नियम मुद्दाम सांगतो. पदवी असेल तर प्रकल्प हाताळण्याचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. पदवी नसेल, शालेय शिक्षण असेल, तर पाच वर्षांचा. म्हणजे तत्त्वतः पदवी नसलेल्या अनुभवी माणसालाही दार उघडे आहे. पण अनुभव लेखी सिद्ध करावा लागतो, परीक्षा मराठीत नाही आणि फी आपल्या वस्तीतल्या माणसाच्या महिन्याच्या कमाईएवढी तरी असतेच. १८५४ च्या परीक्षेसारखेच हेही आहे. खुले सगळ्यांना, पोहोचणारे थोडे.

माझ्या मामाचे चौदा दिवस

माझे मामा सेंट्रिंगचे मिस्त्री. सातवी शिकलेले. वीसेक वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मोठ्या हॉलचा स्लॅब पडला होता. पंधरा फुटांच्या वरचा गाळा. नवव्या दिवशी तरुण साइट इंजिनियर आला आणि टेकू काढायला सांगितले, कारण प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्या होत्या. मामा म्हणाले, "साहेब, एवढ्या गाळ्याला चौदा दिवस ठेवा. लई घाई होतीय." उत्तर आले, "मिस्त्री, इंजिनियर तू आहेस का मी?" टेकू काढले. स्लॅब मधोमध बसला, खाली असलेल्या एका बिगाऱ्याचा पाय मोडला. ठेकेदाराने सेंट्रिंग नीट केले नव्हते म्हणून मामांचे पैसे कापले. इंजिनियरच्या अंगाला काही लागले नाही.

पुढे मी एम.ए. करत असताना एका मित्राकडे काँक्रीटच्या कामाचे भारतीय मानक, आयएस ४५६, पाहिले. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस ठेवावेत, असे त्यात छापले आहे. साडेचार मीटर म्हणजे पंधरा फुटांना थोडे कमी. मामांनी ते पुस्तक कधी पाहिले नव्हते. देशाच्या मानकात जे लिहिले आहे तेच मामा बोलले होते. त्यांच्याकडे ज्ञान होते, पण ते ज्ञान आहे असे सांगणारा कागद नव्हता. आणि कागद असलेल्याकडे त्या दिवशी ते ज्ञान नव्हते.

आज मी बांधकाम कामगारांची कल्याणकारी मंडळात नोंदणी करून देण्याचे काम करतो. नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार सही द्यायला टाळतो, मग ग्रामसेवकाकडे किंवा नगरपालिकेत खेटे घालायचे. हातावर घट्टे पडलेल्या माणसाला आपण मजूर आहोत हेही दुसऱ्याच्या सहीने सिद्ध करावे लागते. बायांची अवस्था आणखी वाईट. वीस वर्षे घमेले वाहणाऱ्या बाईला मिस्त्री म्हणून कोणी नोंदवत नाही, तिची हजेरीही पुष्कळदा नवऱ्याच्या नावात जाते.

कौशल्य विकास योजनेत २०१५ नंतर पूर्वानुभवाला मान्यता देणारी प्रमाणपत्रे सुरू झाली. थोडे प्रशिक्षण, एक चाचणी आणि गवंडी किंवा फिटर असल्याचा कागद. मी त्याला नाव ठेवत नाही. पण तो कागद मिळालेल्यांना मी विचारतो, पुढे काय? पर्यवेक्षकाची पायरी पात्रतेच्या आराखड्यात आहे, तिथपर्यंत नेणारा जिना वस्तीत नाही. गवंड्याच्या मुलाला गवंडी असल्याचा सरकारी दाखला देऊन थांबलो, तर बलुत्याला आपण नवा शिक्का मारून दिला एवढेच होईल.

दाखला भिंत असतो, तसा जिनाही

आपले काही सहकारी म्हणतात, ही प्रमाणपत्रे म्हणजे नवी मक्तेदारी आहे, तिच्यामागे लागायचेच कशाला? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. अमेरिकेतल्या काळ्या कामगारांनी हे अनुभवले. ड्यूक पॉवर कंपनीच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या वीज केंद्रात काळ्यांना फक्त मजूर विभागात घेत. वंशभेदाविरुद्धचा कायदा १९६५ मध्ये लागू झाला, तेव्हा कंपनीने वरच्या विभागांसाठी शाळेचा डिप्लोमा आणि चाचण्या यांची अट ठेवली. विली ग्रिग्ज आणि त्यांचे सहकारी कोर्टात गेले. १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. जी अट प्रत्यक्ष कामाशी संबंधित नाही आणि एका समाजाला बाहेर ठेवते, ती हेतू चांगला असला तरी चालणार नाही.

या निकालातून दोन धडे मिळतात. अट कामाशी जोडलेली नसेल तर तिच्याविरुद्ध लढायचे. आणि अट कामाशी जोडलेली असेल तर ती आपल्या माणसांकडून पुरी करून घ्यायची. टेकू किती दिवस ठेवायचे हे कळणे ही कामाची अट आहे. इंग्रजीत परीक्षा देणे ही कामाची अट नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. बांधकाम व्यवस्थापकाला परवाना सक्तीचा करा, अशी मागणी आपणच केली पाहिजे, कारण त्याच्या अडाणीपणाने मरणारी माणसे आपली आहेत. त्याच मागणीत तीन अटी घालू. परीक्षा मराठीत आणि साइटवर प्रात्यक्षिकासह व्हावी. मिस्त्री, फिटर, सेंट्रिंगवाले यांचा अनुभव पदवीला पर्याय म्हणून मोजला जावा, त्यात बायांचाही. आणि फी, शिकवणी, परीक्षेच्या दिवसांची बुडालेली मजुरी हे सारे कल्याणकारी मंडळाच्या उपकरातून मिळावे. तो उपकर बांधकामाच्या खर्चावर, म्हणजे आपल्याच घामावर गोळा होतो.

मागणीची वाट पाहत बसायचे कारण नाही. प्रत्येक कामगाराने आपली हजेरी, साइटचे नाव, कामाचा प्रकार आणि तारीख वहीत लिहून ठेवावी, फोटो ठेवावेत. उद्या अनुभव सिद्ध करायला तीच वही उपयोगी पडेल. सिव्हिल झालेल्या आपल्या मुला-मुलींनी रविवारी विहारात दोन तास ड्रॉइंग वाचायला, मोजमाप काढायला आणि एस्टिमेट करायला शिकवावे. स्पर्धा परीक्षेत पाच-सहा वर्षे घालवलेल्या डिप्लोमाधारकाने टेंडर भरायला शिकणे यात कमीपणा नाही. सरकारी कामांत सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी आणि मजूर संस्थांसाठी कामे राखून ठेवण्याची पद्धत राज्यात आहे. आपल्या तालुक्यातल्या मजूर संस्थेत खरे मजूर किती, हे माहितीच्या अधिकारात विचारा.

मामा आता कामाला जात नाहीत, गुडघे गेले आहेत. त्यांचा धाकटा मुलगा सिव्हिलचा डिप्लोमा करून साइटवर लागला आहे. गेल्या महिन्यात स्लॅबचे टेकू काढण्याच्या नोंदवहीवर त्याची सही होती. सही करण्याआधी त्याने घरी फोन केला, "बाबा, सोळा फुटांचा गाळा आहे, चौदा ना?" मामा म्हणाले, "चौदा. आणि पंधराव्याला स्वतः खाली उभा राहून काढ."

जय भीम!